पॅड थाईच्या डब्यात किती काय: काट्यावर मोजायची रीत

शनिवारचा डबा मी जरा वेगळा देते. एरवी भाकरी, उसळ, आमटी, भात. शनिवारी पोरांच्या आवडीचं काहीतरी. कोल्हापुरात, राजारामपुरीत बावीस वर्षं डबे चालवतेय. विद्यापीठातली पोरं आली-गेली, बँकेतली बदलीवाली माणसं आली-गेली, आणि आता गेल्या चार-पाच वर्षांत जिमवाली पोरं आलीत. ह्यांची तऱ्हाच वेगळी. पूर्वीचं पोरगं डबा घेताना विचारायचं, "मावशी, रस्सा जादा आहे न्हवं?" हे विचारतं, "मावशी, प्रोटीन किती?"

पॅड थाई, म्हणजे थायलंडकडच्या चिंच-गुळातल्या परतलेल्या नूडल्स, हे आमच्या घरात आणलं भाचीनं. पुण्याहून सुट्टीला आली, पिशवीत तांदळाच्या नूडल्सचं पाकीट आणि माशाच्या सॉसची बाटली. "आत्या, तू बस. आज मी करतो बघ." तिनं केलं, घरात सगळ्यांना आवडलं, पुढच्या शनिवारी डब्यात गेलं. रविवारी एका पोराचा फोन. "मावशी, कालच्या त्या नूडल्समध्ये प्रोटीन किती होतं?" मी म्हटलं, "भरपूर होतं की." तर म्हणतो, "भरपूर म्हणजे किती ग्रॅम?"

आता ह्याला काय सांगायचं! फोनवर शोधलं तर एके ठिकाणी एका प्लेटला चारशे कॅलरी, दुसरीकडे हजाराच्या आसपास. दोन्ही खरे असू शकतात, हे मला नंतर कळलं. प्लेट कुणाची, पळी कुणाची, गूळ किती, ह्यावर सगळं. दुसऱ्याचा आकडा आपल्या कढईला लागू होत नाही. मग काटा काढला.

माझे वडील गुजरीत कारागीर होते. दागिना आटवायला घेण्याआधी सोनं तोलायचं, आटणी झाल्यावर पुन्हा तोलायचं आणि मधे घट किती आली ते वहीत लिहायचं, हे मी लहानपणी रोज बघितलंय. स्वयंपाकाचा हिशेबही तसाच आहे. कढईत पडायच्या आधी तोला, कढईतून निघाल्यावर एकदा तोला, आणि वहीत लिहा. एवढं जमलं की पॅड थाई काय, मटणाच्या रश्श्याचंही गणित निघतं.

लागतं काय? एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, पंधरा मिलीचा मापाचा चमचा, वही. आणि एक गोष्ट पाठ: पिठूळ-गोड पदार्थाच्या, म्हणजे कर्बोदकांच्या, एका ग्रॅमला ४ कॅलरी, प्रोटीनच्या एका ग्रॅमला ४, चरबीच्या एका ग्रॅमला ९.

कोरडं तोलायचं, ओलं नाही

पहिल्या वेळी मी इथेच फसले. नूडल्स भिजवल्या, निथळल्या आणि मग काट्यावर ठेवल्या. पाकिटामागे लिहिलं होतं १०० ग्रॅमला साधारण ३६० कॅलरी. मी त्या भिजलेल्या वजनाला तोच आकडा लावला. चौघांच्या जेवणाचा हिशेब असा काही फुगला की मालक म्हणाले, "अगं, एवढ्या कॅलरीत खासबागेच्या कुस्तीच्या मैदानातला एक पैलवान उभा राहील." पाकिटावरचा आकडा कोरड्या नूडल्सचा असतो. शिजल्यावर त्याच नूडल्स पाणी पिऊन तिप्पट-सव्वातिप्पट होतात. म्हणून शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये कॅलरी ११०च्या आतबाहेर आणि प्रोटीन जेमतेम पावणेदोन ग्रॅम. पाण्याला कॅलरी नाही, पण काट्यावर त्याचं वजन येतंच.

तेव्हा पाकीट फोडा, कोरड्या नूडल्स तोला, लिहा. २५० ग्रॅम चौघांना पुरतात. त्यात कॅलरी ९१०, कर्बोदकं २०० ग्रॅम, प्रोटीन १५ ग्रॅम. हे आकडे बघून दचकू नका. ह्या नूडल्स म्हणजे शेवटी तांदूळच. भाताला जे लागू, ते ह्यांना लागू. "मैदा नाही ना, मग हलकं" असं जे म्हणतात त्यांनी भाताकडे बघावं.

मोडाच्या मुगाचंही तेच. थायलंडमध्ये लांब, पांढरे, पाणीदार मोड घालतात. तसल्या १०० ग्रॅम मोडांत ३० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रोटीन. आपले मोड आखूड, उसळीचे. त्यांच्यात पाणी कमी आणि मूग जास्त, म्हणून लांब मोडांचा आकडा आपल्या मोडांना लावला की हिशेब निम्म्यावर येतो. त्यापेक्षा भिजत घालायच्या आधीच मूग तोला. कोरडे ५० ग्रॅम मूग म्हणजे १७५ कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन. मोड आले की वाटी भरून दिसतात, पण आत आहे ते तेवढंच.

कोळंबीचा प्रकार उलटा. ती सोलल्यावर तोलायची. रत्नागिरीकडून येणारी कोळंबी डोक्यासकट घेतली तर साफ करून निम्मीच हाती लागते. घट म्हणजे काय ते कोळंबी सोलताना कळतं. सोललेल्या कच्च्या २०० ग्रॅम कोळंबीत १७० कॅलरी, प्रोटीन ४० ग्रॅम आणि चरबी एक-दोन ग्रॅम. जिमवाल्या पोरांना सांगितलं तर उड्या मारतील असा हा जिन्नस आहे, फक्त माझ्या डब्याच्या दरात रोज बसत नाही.

तेलाची किटली काट्यावर

सगळ्यात जास्त चूक तेलात होते. माझा हात सढळ आहे, आईकडून आलेला. "दोन चमचे तेल घातलं" असं मी तोंडानं म्हणत होते आणि हातात पळी होती. एकदा ती पळी काट्यावर ठेवून भरून बघितली: ५५ ग्रॅम तेल. ५५ गुणिले ९, म्हणजे ४९५ कॅलरी. एका पळीत! एका माणसाचं अर्धं-अधिक जेवण मी कढईत नुसतं ओतत होते आणि वर "घरचं आहे, खा" म्हणत होते.

तेल मोजायची सोपी युक्ती सांगते. तेलाची किटली काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा. लागेल तसं तेल घाला, पुन्हा किटली काट्यावर ठेवा. वजा जो आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. चमचा बरबटत नाही, अंदाज करावा लागत नाही, आणि मधेच नकळत घातलेली धारसुद्धा पकडली जाते. चौघांना ४५ ग्रॅम पुरतं. कॅलरी ४०५.

तेल कमी लागावं ह्यासाठी नूडल्स उकळायच्या नाहीत. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजत ठेवायच्या. बोटाभोवती गुंडाळल्या तर वाकल्या पाहिजेत, पण दाताखाली अजून कच्च्या लागल्या पाहिजेत. उकळलेल्या नूडल्सचा कढईत गोळा होतो आणि तो सोडवायला आपण वरून धार धरतो. माझी पळीभर तेलाची सवय तिथूनच आली होती. शिवाय एका वेळी दोन माणसांचंच परतायचं. चौघांचं एकदम टाकलं की कढई थंड पडते, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी लापशी होते.

गूळ, शेंगदाणे आणि आपला अभिमान

पॅड थाई ऐकायला परदेशी, पण सामान बघितलं तर लक्ष्मीपुरीच्या बाजारातलं: चिंच, गूळ, शेंगदाणे, सुके सोडे, मिरची, लिंबू. तिकडे ताडाचा गूळ घालतात, आपण उसाचा. तिकडे बाजूला कच्चं केळफूल देतात; आपण त्याची भाजी करतो. हा पदार्थ तिकडेही फार जुना नाही. चिनी लोकांनी नेलेल्या तांदळाच्या नूडल्सना थाई चिंच-गुळाचं वळण मिळालं. १९३९ साली सयामचं नाव थायलंड झालं, त्या काळातल्या फिबुनसोंग्राम ह्यांच्या सरकारनं हा पदार्थ राष्ट्रीय म्हणून पुढे आणला.

आता गुळाबद्दल. कोल्हापुरात राहून गुळाविरुद्ध लिहिणं म्हणजे पंचगंगेच्या घाटावर बसून नदीला नावं ठेवण्यासारखं. पण काट्याला गाव नसतं. गुळाच्या एका ग्रॅमला जवळपास ४ कॅलरी, साखरेलाही ४. चौघांच्या पॅड थाईत ५० ग्रॅम गूळ घातला तर १९० कॅलरी, सगळ्या गोडातून. गुळात लोह असतं हे खरं, पण एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या साडेबारा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह किरकोळ. चवीसाठी घाला, औषध म्हणून घालू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. गूळ, मध सगळं त्यात धरायचं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. ह्या एका ताटात त्यातले निम्मे गेले, आणि चहा अजून व्हायचाय.

शेंगदाण्याची गंमत अशी की तो दोन्हीकडून बोलतो. ५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत १३ ग्रॅम प्रोटीन आहे, पोरं खूश. पण २५ ग्रॅम चरबी आणि २८५ कॅलरीही आहेत. मी पूर्वी कूट करून मूठ-मूठ भुरभुरवायची. आता जाडसर भरडते. भरड दाताखाली येते, थोडी घातली तरी भरपूर वाटते; कूट रसात विरघळून जातं आणि तुम्ही आणखी घालता.

उरलं काय? चार अंडी: २९० कॅलरी, प्रोटीन २५ ग्रॅम, चरबी २० ग्रॅम. चिंच बियांशिवाय २५-३० ग्रॅम: ६५ कॅलरी. कांद्याची पात, लसूण, गाजर मिळून १०० ग्रॅम: ३० कॅलरी. माशाचा सॉस: २० कॅलरी.

बेरीज केली तर चौघांच्या कढईत २,५४० कॅलरी, प्रोटीन ११० ग्रॅम, कर्बोदकं ३१७ ग्रॅम, चरबी ९२ ग्रॅम. भागिले चार: ६३५ कॅलरी, प्रोटीन साडेसत्तावीस, कर्बोदकं ७९, चरबी २३. पडताळा घ्यायचा असेल तर तो ४-४-९ चा पाढा लावा. ७९ चोक ३१६, साडेसत्तावीस चोक ११०, २३ नव्वे २०७. एकूण ६३३. दोन कॅलरींचा फरक चालतो. सोन्यात चालला नसता.

ह्यात बघण्यासारखं काय, तर प्रोटीन कुठून आलं. नूडल्सच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पदार्थात नूडल्सनी दिलं ११० पैकी १५. कोळंबी आणि अंडी मिळून ६५. म्हणजे कोळंबी आणि अंडी काढून टाकली, ती जागा नुसत्या कोबीनं भरली आणि ताटाला तेच नाव ठेवलं, तर एका माणसाला प्रोटीन उरतं साधारण ११ ग्रॅम. गुरुवार-शनिवार पाळणाऱ्यांच्या डब्यात मी कोळंबी-अंड्यांच्या जागी पनीर घालते. २०० ग्रॅम पनीरमध्ये ३८ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे कोळंबीच्या बरोबरीला आलं. पण सोबत ३० ग्रॅम चरबी येते. त्या दिवशी किटलीतलं तेल १५ ग्रॅमनं कमी करते. पनीर स्वतःचं तूप सोडतंच.

मिठाचं काय

हा भाग पोरं विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. माशाच्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १,४०० मिलिग्रॅम सोडियम असतं. सोया सॉसच्या चमच्यात ९००च्या आसपास. दिवसभरात २,००० मिलिग्रॅमच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे मीठ पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा. चौघांच्या कढईत तीन चमचे माशाचा सॉस घातला तर एकाच्या वाट्याला १,०५० मिलिग्रॅम. अर्ध्या दिवसाचं मीठ एका ताटात, आणि अजून लोणचं यायचंय.

पहिल्यांदा मी तीन चमचे सॉस घालून वर सवयीनं चिमूटभर मीठही टाकलं. चव घेतली आणि चेहरा असा झाला की भाची हसून हसून खाली बसली. "आत्या, ते मीठच आहे गं, बाटलीतलं." आता दोन चमचे सॉस, मीठ अजिबात नाही, आणि कमी पडलं तर वरून लिंबू. आंबट वाढलं की जीभ मीठ मागत नाही. सोडे घालत असाल तर ते आधी पाण्यातून काढून पिळा. ते खारवलेले असले तर त्यांचंही मीठ धरावं लागतं. घरात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर बाटलीमागचा सोडियमचा आकडा स्वतः वाचा, बाटलीगणिक फरक पडतो.

शेवटचं वजन

रिकामी कढई आधी तोलून तिचं वजन भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. माझ्या कढईचं वजन चुलीमागच्या फरशीवर आहे, मालकांना ते आवडत नाही. पदार्थ झाला की मोडाचे मूग शेवटी, गॅस बंद करून मिसळायचे. जास्त शिजले की त्यांतलं क जीवनसत्त्व जातं आणि कुरकुरीतपणाही. मग दोन्ही खेपा एकाच कढईत घेऊन कढईसकट तोला, कढईचं वजन वजा करा. माझं साधारण १,४०० ग्रॅम भरतं. पाणी किती उडालं त्यावर थोडं इकडे-तिकडे.

ह्या एका आकड्यानं सगळं सोपं होतं. २,५४० भागिले १,४००, म्हणजे एका ग्रॅमला १.८ कॅलरी. पोटभर ताट ३५० ग्रॅमचं, ६३५ कॅलरी. डब्याच्या मधल्या कप्प्यात २५० ग्रॅम मावतात: ४५० कॅलरी आणि जवळजवळ २० ग्रॅम प्रोटीन. त्या पोराला मी हेच सांगितलं. त्याचं वजन सत्तर किलो. साध्या, व्यायाम न करणाऱ्या माणसालाही किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे त्याला पंचावन्न-साठ तरी हवंच, आणि हा रोज लोखंड उचलतो. "मग डबल डबा द्या," म्हणाला. म्हटलं, "डबल डब्यात तेल आणि गूळही डबल येतं रं बाबा. नूडल्स आहेत तेवढ्याच घे, वर दोन उकडलेली अंडी देते." दोन अंड्यांचे साडेबारा ग्रॅम आणि १४५ कॅलरी. पटलं त्याला.

मालकांचं गणित उलटं. त्यांना साखर आहे. त्यांच्या वाट्याला कोरड्या नूडल्स ६२ ग्रॅम येतात, मी ४० वर आणते. तेवढ्यानं १८ ग्रॅम कर्बोदकं कमी होतात. गुळाची चिंचेशी जी जोडी असते ती त्यांच्या वाटणीत निम्मी, आणि रिकाम्या झालेल्या जागी पात, गाजर, फरसबी आणि जादा कोळंबी. ताट तेवढंच भरलेलं दिसतं. माणूस आधी डोळ्यांनी जेवतो, त्यामुळे कुरकूर होत नाही. झाली तर मी वही दाखवते.

डबा भरताना दोन गोष्टी. शेंगदाणे आणि कोळंबी काहींना अजिबात चालत नाहीत, अंगावर उठतं, घसा सुजतो. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशीच विचारून घ्यायचं. आणि भरड शेंगदाणे, लिंबाची फोड, मिरचीपूड हे वेगळ्या पुडीत द्यायचं, वरून पसरून नाही. थायलंडमध्येही टेबलावर साखर, मिरची, माशाचा सॉस आणि मिरचीचं व्हिनेगर वेगळं ठेवतात आणि ज्याचं त्यानं घालून घ्यायचं असतं. पुडी वेगळी असली की शेंगदाण्यांच्या ७० कॅलरी खायच्या की नाही ते ज्याचं तो ठरवतो. आठव्या गल्लीतल्या एका आजोबांच्या डब्यातून ती पुडी दर शनिवारी न उघडता परत येते. दात नाहीत. त्यांना पुढच्या वेळेपासून कूट.